साठ मोजेपर्यंत

सर जिना कधी सरळ उतरत नसत. भिंतीला खांदा लावून, तिरके, एकेका पायरीच्या आतल्या कोपऱ्याकडे बघत उतरायचे. कॉलेजच्या हायड्रॉलिक्स लॅबमधून खाली कँटीनला जायला आम्हाला अर्धं मिनिट लागायचं, सरांना पाच. वाटेत कुणी भेटलं की थांबून बोट दाखवायचे. "इथं भोवरा बसतो." जिना कोरडा ठणठणीत, कोपऱ्यात विड्यांची थोटकं, आणि सर तिथं भोवरा दाखवताहेत. नवीन आलेले प्राध्यापक पहिला महिनाभर हसायचे. नंतर तेही उतरताना कोपऱ्यात बघायला लागायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

सुरतेतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात नव्वदच्या दशकात मी एम.ई. करत होतो, तेव्हाची ही गोष्ट. सर अमळनेरकडचे, मी सुरतेतल्याच लिंबायतचा, वडील लूमवर. सरांविषयी लिहायचं तर माझ्याविषयीही एक गोष्ट सांगावी लागते. ती मी सव्वीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. आधी सर सांगतो, मग ती. टाळणार नाही.

सरांचा सगळा जीव पायऱ्यांच्या सांडव्यात होता. धरण भरलं की जादा पाणी सांडव्यावरून खाली सोडावं लागतं. गुळगुळीत उतारावरून आलेलं पाणी पायथ्याशी पोचेपर्यंत असं माजतं की खडक उकरून काढतं. म्हणून उताराला पायऱ्या करायच्या. प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात थोडं पाणी अडकून गोल फिरत राहतं, वरून जाणारं पाणी त्याच्याशी झटापट करत उतरतं, हवा गिळतं, पांढरं होतं, आणि खाली येईस्तोवर त्याची रग जिरलेली असते. सर हे दोन वाक्यांत सांगायचे. "माणूस पायऱ्या चढताना दमतो, पाणी उतरताना दमतं. दमलेलं पाणी गावाला त्रास देत नाही."

कोपऱ्यातल्या पाण्यावर त्यांची विशेष माया. "ते कुठं जात नाही, कुणाला दिसत नाही, आणि सगळं काम तेच करतं," म्हणायचे. वर्गात मागच्या बाकावर कोपऱ्यात बसणाऱ्या मुलांकडेही ते त्याच आशेने बघायचे. ती आशा बहुतेक वेळा फुकट जायची.

डिंडोलीत सरांचं घर वरच्या मजल्यावर होतं, बाहेरून उघडा जिना, सतरा पायऱ्या. दर रविवारी सकाळी सर वरून तीन बादल्या पाणी सोडायचे. पहिली हळू, दुसरी जरा जोरात, तिसरी एकदम. मग धोतर गुडघ्यापर्यंत खोचून खाली धावायचे आणि पाणी कसं आलं ते बघायचे. काकू म्हणायच्या, "लोकांच्या घरी रविवारी देवपूजा असते, आमच्याकडं जिनापूजा." तळमजल्यावरच्या रंजनबेन सुरुवातीला भांडायच्या. "साहेब, मारा पगलुछणियां रोज भींजाय छे," असं पायपुसणं हातात धरून दाखवायच्या. सर म्हणायचे, "बेन, रोज क्यां? रविवारे ज." एका रविवारी सर तापाने झोपून होते तर त्याच रंजनबेन वर आल्या. "आजे पाणी केम नथी आव्युं?" काकूंनी त्यांना चहा दिला.

सर एकदा आमच्या वडिलांच्या लूमच्या खात्यावर, म्हणजे कारखान्यातही आले होते. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "रंगीत धाग्याची वेस्ट पाहिजे, हातहात लांबीची."

वडिलांनी विचारलं, "काय बांधता?"

"पायऱ्या बांधायच्या. प्रत्येक पायरीला दोरा. पाणी कुठं जातं ते दोरा सांगतो."

वडिलांनी दोन पिशव्या भरून दिल्या. रात्री जेवताना मला म्हणाले, "तुझा सर येडा शे, पण चांगला शे. त्याचं ऐकत जा."

मी ऐकलं नाही, त्याचीच ही गोष्ट.

त्या वर्षी लॅबमध्ये एका लहान धरणाचं मॉडेल होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी व्हायचं होतं ते धरण. सांडव्याच्या एका कडेला मातीचा बांध, बांधाखाली एक वस्ती. सांडव्याच्या दोन्ही बाजूंना कडेच्या भिंती असतात, पाणी बाहेर उडू नये म्हणून. त्या भिंती किती उंच ठेवायच्या, हे सरांनी मॉडेलवर मोजून सरकारी ऑफिसला कळवायचं होतं. भिंत ठेंगणी राहिली तर पुरात फेस तिच्यावरून मातीच्या बांधावर उडणार, आणि माती पाण्याला किती वेळ पुरते ते सांगायला नको.

मोजायची पद्धत सरांची स्वतःची. फेसाला वरची कड नसते. साध्या पाण्यात सुई खाली आणली, टेकली की झालं. फेसात सुई कधी ओली, कधी कोरडी. सरांचा नियम असा: सुई एका जागी ठेवायची, साठ मोजायचे, आणि तेवढ्यात सुईला पाणी सहा वेळा शिवलं पाहिजे. जास्त शिवलं तर सुई वर घ्यायची, कमी शिवलं तर खाली, आणि पुन्हा साठ मोजायचे. एका पायरीला कधी कधी वीस मिनिटं जायची. वर आणखी, प्रत्येक वाचन दोघांनी घ्यायचं. एकाने वाचून आपल्या कागदावर लिहायचं, सुई वर उचलून ठेवायची, मग दुसऱ्याने पहिल्यापासून. दोघांचं संपेपर्यंत एकमेकांना आकडा दाखवायचा नाही. विचारायचाही नाही.

"सर, दोघांचं जुळत नाही हो," आम्ही तक्रार करायचो.

"जुळायला नकोच. फेसावर दोन माणसांचं एकमत झालं म्हणजे एकजण झोपला होता."

दोघं म्हणजे मी आणि जिग्नेश. जिग्नेश कतारगामचा, घरी जरीचं काम, माझ्याहून वीतभर उंच. सुईच्या पट्टीवरच्या बारीक रेघा वाचायला त्यानेच शेजारच्या हिरे घासणाऱ्याकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं होतं. तिकडं त्याला आयग्लास म्हणतात. सरांना ती इतकी आवडली की गरज नसताना डोळ्याला लावून पेपर वाचायचे. जिग्नेशचं वाचन दर वेळी माझ्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर यायचं. मी चिडवायचो, "तुझं सगळंच वर." तो म्हणायचा, "तू कंजूस आहेस, पाणीसुद्धा पूरं देत नाहीस."

श्रावणातला एक रविवार. आम्हा खान्देशी घरांत त्या रविवारी कानबाई देवी बसते, भाऊबंद एका घरी जमतात, सोमवारी सकाळी विसर्जन. त्या वर्षी ती आमच्या लिंबायतच्या खोलीत बसायची होती. सरही त्यासाठी गावी गेले होते. जाताना सांगून गेले, "मोठ्या पाण्याचं वाचन राहिलंय. सोमवारी ऑफिसचा माणूस आकडे न्यायला येईल. दोघं असाल तरच पंप लावा, भो."

मी दुपारी बारापर्यंत जिग्नेशची वाट पाहिली. तो आला नाही. आईचा निरोप होता, दिवेलागणीच्या आत ये. घरी पाहुणे, नैवेद्याचे रोट, गाणी. मी एकट्याने पंप लावला.

पूर्ण जोरात सोडलेलं पाणी पायऱ्यांवरून येताना काय दिसतं हे सांगता येत नाही. नुसता पांढरा धबडगा. चष्म्यावर तुषार. अकरा पायऱ्यांवर वाचनं घ्यायची होती. पहिल्या पायरीवर मी साठ मोजले. दुसरीवर तीस. तिसरीपासून मोजणं सोडलं. सुई खाली नेली, सतत ओली राहायला लागली की आकडा लिहिला, पुढची पायरी. तासाभरात अकराही झाल्या. मग स्टुलावर बसून जिग्नेशच्या कागदावर अकरा आकडे लिहिले, माझ्या आकड्यात अर्धा मिलिमीटर इकडे, अर्धा तिकडे. खाली त्याची सही केली. त्याची सही सोपी होती.

घरी वेळेत पोचलो. आईने ओवाळलं.

सोमवारी जिग्नेशला म्हटलं, "तुझंही भरून टाकलं." तो म्हणाला, भावाच्या लग्नाची बोलणी करायला भावनगरहून लोक आले होते, निघता आलं नाही. "सर को मत बोलना मैं नहीं आया." मी कशाला बोलतो. त्याला वाटलं, एकट्याने का होईना, वाचन तर नीट झालंय. ते नीट झालं नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं. आकडे ऑफिसला गेले. आकड्यांवरून भिंतीची उंची ठरली, नकाशे निघाले.

सरांची आणखी एक सवय मी विसरलो होतो. मॉडेल मोडण्याआधी ते सगळी वाचनं पुन्हा बघायचे. मॉडेलसमोर स्टुलावर बसायचे, एका मांडीवर माझे कागद, दुसऱ्या मांडीवर जिग्नेशचे, डोळ्याला आयग्लास. मॉडेलचा निरोप घेणं म्हणायचे त्याला. दिवाळीनंतरच्या एका दुपारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"जिग्नेश, तू नेहमी ह्याच्या वर वाचतोस. दोन-तीन मिलिमीटर, कायम. इथं मोठ्या पाण्याला तू ह्याच्या बरोबर. कुठं तर खालीसुद्धा. कसं काय?"

जिग्नेशने कागद हातात घेतला. कागद बघितला, सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"ही सही तुझी?" सरांनी विचारलं.

"हा सर," तो म्हणाला, "मारी छे."

मी उभा होतो. तोंड उघडलं असतं तर शब्द होते. लिंबायतची खोली, बंद पडायला आलेलं वडिलांचं खातं, सरांच्या पत्रावर मिळू शकणारी नोकरी, हे सगळं त्या क्षणी आठवलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर काहीच आठवलं नाही. नुसता गप्प राहिलो. पुढे मनाला असंही समजावलं की जिग्नेश स्वतःची गैरहजेरी झाकत होता. थोडी झाकत असेलही. पण खोटे आकडे त्याचे नव्हते.

सर ओरडले नाहीत. जिग्नेशला एवढंच म्हणाले, "तू ह्याची नक्कल केलीस. मला तुझा डोळा पाहिजे होता." आणि त्या दिवसापासून त्याला सुईपासून दूर केलं. मॉडेल पुन्हा चालवलं. पहिला डोळा मी, दुसरा डोळा स्वतः सर. त्यांच्या शेजारी उभा राहून मी अकरा पायऱ्यांवर साठ-साठ मोजले. आकडे बरेच वर आले. सर म्हणाले, "बघ, तूही त्या दिवशी घाईत होतास." मी मान हलवली. एवढीच माझी कबुली.

सरांनी ऑफिसला पत्र लिहिलं. ते मीच टाइप केलं, म्हणून आठवतंय. त्यात कुणाचं नाव नव्हतं. "आमच्या लॅबमध्ये वाचन चुकलं, चूक माझी, भिंत वाढवावी." ऑफिसने भिंत वाढवली. नकाशे बदलायला लागले म्हणून साहेब लोक नाराज झाले, आणि त्यानंतर लॅबला मॉडेलचं काम आलं नाही. सर निवृत्त झाले तेव्हा लॅबच्या हौदात पाणी नव्हतं. तरी शेवटच्या दिवशीही ते जिना तिरकेच उतरले.

मला सरांचं पत्र मिळालं, नोकरी मिळाली. जिग्नेशने पत्र मागितलंच नाही. डिग्री घेऊन तो घरच्या जरीच्या कामाला लागला. माझ्या लग्नाला आला होता. त्या दिवसाविषयी कधी एक शब्द बोलला नाही.

मधे एका पावसाळ्यात मी ते धरण बघून आलो. एकटाच गेलो होतो. सांडवा वाहत होता, पांढराशुभ्र, प्रत्येक पायरीवर झटापट चाललेली. कडेची भिंत फेसाच्या हातभर वर. मातीच्या बांधावर गवत होतं, गवतात दोन शेळ्या. वस्तीतल्या बाया कपडे वाळत घालत होत्या. पायथ्याशी पाणी असं निवांत चाललं होतं की त्यात पाय सोडून बसावं. मी बसलो. वाटलं, आता सरांना सांगावं. परत येताना बसमध्ये वाटलं, सगळं ठीक आहे, आता कशाला. असं वाटण्यात अजून बारा वर्षं गेली.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ऑफिसात एक नवीन इंजिनीअर मुलगी रुजू झाली. कालव्याच्या पाण्याची वाचनं तिने आणून दिली. दोन रकाने, दोन सह्या. आकडे फार छान जुळत होते. मी दोन्ही सह्या पुन्हा बघितल्या. विचारलं, "दुसरं वाचन कुणी घेतलं?"

तिने खाली बघितलं नाही. "कुणीच नाही सर. सोबत कुणी आलं नाही म्हणून मीच भरलं. चुकलं. उद्या दोघं जाऊन परत घेतो."

बस, एवढंच असतं ते. ती गेल्यावर मी बराच वेळ तिचे कागद हातात धरून बसलो. त्याच रविवारी डिंडोलीला गेलो.

सर ऐंशी ओलांडलेले. जिना तोच, ओला. रंजनबेन आता नाहीत, त्यांची सून दारात पायपुसणं उचलून उभी होती, म्हणजे बादल्या नुकत्याच झाल्या असाव्यात. सर मला बघून खूश झाले. "उना का रे भो! बैस बैस." काकूंनी चहा ठेवला. मी चहाच्या आधीच सांगितलं. कानबाईचा रविवार, एकट्याने लावलेला पंप, तिसऱ्या पायरीपासून न मोजलेले साठ, जिग्नेशच्या नावावर लिहिलेले अकरा आकडे, आणि ती सही. काहीही न वगळता.

सर खुर्ची पुढे ओढून बसले. मग त्यांनी फक्त वाचनाचं विचारलं.

"तिसरीपासून मोजलंच नाहीस?"

"नाही सर."

"सतत ओली झाली की लिहिलंस?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. हिशेब करत होते. मग म्हणाले, "बरोबर. तेवढंच कमी यायला पाहिजे." आणि चेहरा असा मोकळा झाला की मला समजेना, ह्यात आनंदाचं काय. सर म्हणाले, "अरे, सव्वीस वर्षं माझं एक कोडं सुटत नव्हतं. नक्कल त्याने केली, हे ठीक. पण ज्याची केली ते वाचन एवढं खाली कसं? घाई म्हटली तरी एवढं? मला वाटायचं, माझीच पद्धत चुकीची आहे." मग आवाज बदलला. "आणि त्या पोराला मी सुईपासून दूर केलं."

"सर, मी..."

"तुझं नंतर बघू. तो कुठं असतो?"

"कतारगामला. तिथंच."

सर उठले. काकू म्हणाल्या, "अहो, चहा." सर सदरा घालत होते. "आल्यावर. भो, रिक्षा बोलाव." सतरा पायऱ्या माझा हात धरून उतरले, तिरके, कोपऱ्यांत बघत.

जिग्नेशचा कारखाना दुसऱ्या मजल्यावर, जरीच्या रिळांनी भरलेला. तो आता जाडा झालाय, केस पांढरे. सरांना दारात बघून उभाच राहिला. सर बसले नाहीत.

"जिग्नेश, त्या दिवशी मी चुकीचं वाचलं," सर म्हणाले. "वाचन ह्याचं होतं. ह्याने आज सांगितलं."

जिग्नेशने माझ्याकडे बघितलं, लॅबमध्ये बघितलं होतं तसंच. मी म्हणालो, "माफ कर. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"तेव्हाच," तो म्हणाला. हातातलं रीळ खाली ठेवलं. मग म्हणाला, "चार-पाच साल बहुत गुस्सा था. बाद में धंदा संभालूं कि तुझे संभालूं?" आणि सरांसाठी खुर्ची पुसली. "बेसो सर. पाणी पीशो?"

"पिणार नाही. एक बादली दे."

कारखान्याचा जिना उभा आणि अरुंद होता. कारागीर काम थांबवून बघायला लागले. सरांनी आम्हा दोघांना खालच्या वळणावर उभं केलं, प्रत्येकाला रिळाच्या लेबलाचा तुकडा आणि पेन्सिल दिली. "तिसऱ्या पायरीवर फेस किती उंच येतो ते बोटांत लिहा. एकमेकांना दाखवायचं नाही. विचारायचंही नाही." आणि वर जाऊन, कारागिराच्या हातातली बादली स्वतः घेऊन, एकदम उपडी केली.

पाणी आलं. पायरीपायरीवर आपटत, पांढरं होत, आमच्या पायांशी पोचलं तेव्हा अगदी गरीब झालं होतं. आमच्या चपला भिजल्या. सर सावकाश खाली उतरले, दोन्ही तुकडे घेतले आणि खिशातून तीच जुनी आयग्लास काढून डोळ्याला लावली. पूर्वी ती हौस होती, आता गरज आहे.

मी तीन बोटं लिहिली होती. जिग्नेशने चार.

"नेहमीसारखा वर," सर म्हणाले, आणि आयग्लास त्याच्या हातात ठेवली.